कोशूतच्या नोटा

जुन्या नोटा जमविणाऱ्या मंडळींच्या जगात एक साधा नियम आहे. जी नोट थोडी उरली ती महाग, जी पुष्कळ उरली ती स्वस्त. या नियमाने पाहिले तर हंगेरीच्या १८४८-४९ च्या स्वातंत्र्ययुद्धातील नोटा अत्यंत दुर्मिळ ठरायला हव्या होत्या. जेमतेम वर्षभर टिकलेल्या एका क्रांतिकारक राजवटीने त्या काढल्या, ती राजवट बुडाली, आणि विजेत्यांनी त्या नोटा घरोघरून गोळा करून जाळल्या. असे असूनही त्यांतील कित्येक प्रकारच्या नोटा आज नवख्या संग्राहकालाही परवडतील अशा भावात मिळतात. जाळूनही त्या एवढ्या उरल्या कशा, याचा शोध घेऊ लागलो की आपण एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो. त्या माणसाचे नाव लायोश कोशूत.

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. १९०७ साली निघालेल्या सावरकरांच्या मॅझिनीचरित्रामुळे इटलीचा स्वातंत्र्यलढा आपल्याकडच्या तरुणांना ठाऊक झाला. त्याच पिढीतला, त्याच ध्येयाने झपाटलेला आणि पुढे लंडनमध्ये मॅझिनीचा सहकारी झालेला कोशूत मात्र आपल्याला फारसा परिचित नाही. तो वक्ता होता, पत्रकार होता, राज्यकर्ता होता. तेव्हा त्याच्या चरित्राकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. परंतु ज्या कागदांवर त्याची सही छापलेली होती, त्या कागदांच्या वाटेने गेले तर त्याचे मोठेपण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही एकत्रच दृष्टीस पडतात.

कोशूतचा जन्म १९ सप्टेंबर १८०२ रोजी हंगेरीच्या ईशान्य भागातील मोनोक या गावी झाला. घराणे नावाला उमरावाचे. प्रत्यक्षात जमीनजुमला बेताचाच. वडील वकिली करीत. मुलगाही कायदा शिकला आणि आपल्या जिल्ह्यात वकिली करू लागला. हंगेरी त्या वेळी हॅब्सबर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होती. व्हिएन्नाचा सम्राट हाच हंगेरीचा राजा. देशाला स्वतःची विधिसभा होती खरी, पण तिच्यात उमरावांचेच राज्य. उमराव कर भरीत नसत आणि कुळे त्यांच्या जमिनीवर वेठ करीत.

१८३२ साली पोझोनी येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरात, विधिसभेचे अधिवेशन भरले. एका गैरहजर सरदाराचा प्रतिनिधी म्हणून कोशूत तेथे गेला. अशा प्रतिनिधीला मताचा अधिकार नसे. मग त्याने दुसरेच काम हाती घेतले. सभागृहात कोण काय बोलतो याचे वृत्तांत तो लिहू लागला. छापील मजकुरावर सरकारची कडक नजर असे; खासगी पत्रांवर तितकी नसे. म्हणून हे वृत्तांत पत्रांच्या रूपाने निघत. तरुण मुले त्यांच्या हाताने प्रती काढीत आणि त्या जिल्ह्याजिल्ह्यांत जात. भित्तिपत्रके आणि हस्तलिखित अंक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना या खटाटोपाची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की, त्या हस्तलिखिताची किंमत तुरुंगवास ही होती. अधिवेशन संपल्यावरही त्याने जिल्हासभांचे वृत्तांत चालू ठेवले, तेव्हा मे १८३७ मध्ये त्याला पकडण्यात आले. शिक्षा तीन वर्षांची झाली. वरच्या न्यायालयाने ती चार वर्षांची केली. १८४० मध्ये सर्वांबरोबर माफी मिळून तो सुटला. तुरुंगात त्याने बायबल आणि शेक्सपिअर यांच्या आधाराने इंग्रजी आत्मसात केले. ही विद्या पुढे त्याच्या अतिशय उपयोगी पडणार होती.

जानेवारी १८४१ पासून तो ‘पेश्ती हिर्लाप’ या वृत्तपत्राचा संपादक झाला. पत्राचा मालक लांडेरेर नावाचा मुद्रक होता. हे नाव लक्षात ठेवावे, कारण ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे. कोशूतच्या अग्रलेखांनी वेठबिगार, उमरावांची करमाफी, मागासलेले उद्योग अशा विषयांवर सारा देश बोलू लागला. १८४४ मध्ये संपादकपद गेल्यावर त्याने देशी मालाच्या पुरस्कारासाठी एक संघ उभा करण्यात पुढाकार घेतला. सभासदांनी ठराविक वर्षे फक्त हंगेरीत तयार झालेला मालच विकत घ्यावा, अशी शपथ होती. आपल्याकडे पुण्यात सार्वजनिक काकांनी खादीचे व्रत घेतले त्याच्या आधी सुमारे पाव शतक ही स्वदेशीची चळवळ डॅन्यूबकाठी चालली होती. त्या संघाने व्हिएन्नाचे कारखाने काही बंद पडले नाहीत, पण आर्थिक स्वातंत्र्यावाचून राजकीय स्वातंत्र्य पोकळ आहे हा विचार मात्र रुजला.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. तिची बातमी येताच ऑस्ट्रियन बँकेच्या नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला आणि जो तो नोटा देऊन चांदी मागू लागला. पोझोनीच्या विधिसभेत एका सभासदाने विचारणा केली की, या बँकेजवळ नोटांच्या पाठीमागे धातू किती आहे हे सरकारने सांगावे. ३ मार्च रोजी कोशूत याच प्रश्नावर बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता त्याने प्रश्न मुळापासून उपटला. बँकेचे आकडे कळून काय होणार? ज्या राज्यकारभारात जनतेला स्थान नाही, त्याच्या नोटांना भक्कम पाया कुठून येणार? हंगेरीला स्वतःचे जबाबदार मंत्रिमंडळ हवे आणि साम्राज्याच्या इतर भागांनाही राज्यघटना हवी, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. त्या भाषणाचे भाषांतर व्हिएन्नात हातोहात फिरले. १३ मार्चला व्हिएन्नात आणि १५ मार्चला पेश्तमध्ये क्रांती झाली. एप्रिलमध्ये राजाने नव्या कायद्यांवर सही केली. वेठ गेली, उमरावांची करमाफी गेली, आणि बाथ्यानी याच्या मंत्रिमंडळात कोशूत अर्थमंत्री झाला. नोटांच्या प्रश्नातून मंत्रिपदापर्यंत आलेल्या या माणसाच्या वाट्याला आता नोटांचाच प्रश्न आला.

तिजोरीत जवळजवळ काहीच नव्हते. व्हिएन्नाकडून मदतीची आशा नव्हती. कोशूतने पेश्तच्या व्यापारी बँकेशी करार केला. सरकारने ५० लक्ष फोरिंटांचे सोने-चांदी बँकेत ठेवायचे आणि त्या आधारावर बँकेने १ कोटी २५ लक्ष फोरिंटांपर्यंत लहान किमतीच्या नोटा काढायच्या, असे ठरले. धातू जमविण्यासाठी त्याने देशाला हाक दिली. जे कर्ज देतील त्यांना व्याज मिळणार होते, पण नुसते दान देणारेही पुष्कळ निघाले. चांदीचे चमचे, ताटे, बायकांचे दागिने येऊ लागले. ऑगस्ट १८४८ मध्ये पहिल्या नोटा बाहेर पडल्या. ऑस्ट्रियाच्या सरकारी तिजोऱ्यांनी त्या घ्यायला नकार दिला. त्यामुळे त्यांची लोकप्रियता उलट वाढलीच असावी.

इथवर सारे रीतसर होते. नोटेच्या मागे चांदी होती आणि चांदीच्या मागे बँक होती. पण सप्टेंबरमध्ये येलाचिचचे सैन्य द्रावा नदी ओलांडून हंगेरीत शिरले. विधिसभेने सैन्यासाठी मंजूर केलेल्या ४ कोटी २० लक्ष फोरिंटांना राजाची संमती मिळाली नाही. कोशूतने मग सरकारच्या नावाने ५ फोरिंटांच्या आणि पुढे त्याहून मोठ्या नोटा छापायला घेतल्या. यांच्या पाठीमागे चांदी नव्हती. राष्ट्राची पत एवढेच त्यांचे तारण. नोटेवर देशाचे राजचिन्ह होते आणि अर्थमंत्री म्हणून कोशूतची सही होती. लोक त्यांना सरळ कोशूतच्या नोटा म्हणू लागले. आपल्याकडे हुंडी लिहिणाऱ्या पेढीचे नाव पाहूनच बाजार ती वटवीत असे, तसाच हा प्रकार होता. हंगेरीतल्या कुळाने सोने पाहिले नव्हते. पण ज्याच्यामुळे आपली वेठ सुटली त्याची सही त्याला माहीत होती.

या मोठ्या नोटांवर आणखी एक गोष्ट दिसते. त्यांची किंमत केवळ हंगेरियन भाषेत दिलेली नाही. जर्मन, स्लोव्हाक, दक्षिण स्लाव आणि रुमानियन लोकांनाही ती आपल्या भाषेत वाचता यावी, अशी सोय त्यांवर आहे. हंगेरीच्या जुन्या राज्यात ही सारी माणसे राहत होती. त्यांनी नोट घ्यावी म्हणून त्यांची भाषा नोटेवर आली. परंतु राज्यकारभारात त्यांना राष्ट्र म्हणून स्थान द्यायला कोशूत त्या वेळी तयार नव्हता. देशात अनेक भाषा असल्या तरी राजकीय राष्ट्र एकच, हा त्याचा आग्रह. त्याचा परिणाम असा झाला की सर्ब, क्रोएट आणि रुमानियन यांतील मोठा भाग त्याच्याविरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहिला. १८४९ च्या जुलैमध्ये अल्पसंख्याकांच्या हक्कांचा ठराव झाला, तोपर्यंत उशीर होऊन गेला होता. पुढे १८६२ मध्ये कोशूतने डॅन्यूबकाठच्या सर्व राष्ट्रांच्या संघराज्याची योजना मांडली. जे शहाणपण त्याच्या नोटांवर आधी उमटले होते, ते त्याच्या राजकारणात यायला तेरा-चौदा वर्षे जावी लागली.

बाथ्यानीच्या राजीनाम्यानंतर संरक्षण समितीचा प्रमुख या नात्याने कोशूत देशाचा खरा कारभारी झाला. डिसेंबरअखेर ऑस्ट्रियन सेनापती विंडिशग्रेट्स राजधानीजवळ आला आणि सरकारने पूर्वेला देब्रेत्सेनकडे जायचे ठरविले. त्या धावपळीत कोशूतला सर्वांत मोठी काळजी होती ती नोटांच्या छापखान्याची. लांडेरेरच्या देखरेखीखाली चालणारी ती यंत्रे, ठसे आणि कागद आधी आगगाडीने सोल्नोकपर्यंत आणि पुढे बर्फाने भरलेल्या रस्त्यांवरून गाड्यांत घालून नेण्यात आले. तोफांइतकेच त्या यंत्रांना जपावे लागले. छपाई थांबली असती तर सैनिकांचा पगार थांबला असता, आणि पगाराविना सैन्य किती दिवस उभे राहते हे इतिहासाने पुष्कळदा दाखविले आहे. लहान व्यवहारांसाठी १५ आणि ३० क्रॉयत्सरच्या चिमुकल्या नोटाही देब्रेत्सेनमध्ये निघाल्या. त्यांची बारीक अक्षरे पाहिली म्हणजे चिल्लरीच्या टंचाईने गांजलेला बाजार डोळ्यांपुढे येतो.

या काळात सामान्य शेतकऱ्याची जी ओढाताण झाली ती कुठल्याही लढाईच्या वर्णनात सापडायची नाही. ऑस्ट्रियन सैन्य गावात आले की कोशूतच्या बिनचांदीच्या नोटा बाद. वसंतात हंगेरियन सैन्याने मुलूख परत जिंकला की त्या पुन्हा चालू, आणि ऑस्ट्रियन सैन्याने वाटलेला कागद बाद. धान्य विकले, घोडा विकला, आणि हातात आलेला कागद उद्या पैसा असेल की रद्दी, हे पलीकडच्या टेकडीवर कोणाचे निशाण दिसते यावर अवलंबून! तरीही या नोटा चालत राहिल्या. कोणी धाकाने घेतल्या असतील, कोणी नाइलाजाने. परंतु श्रद्धेने घेणारेही थोडे नव्हते.

१४ एप्रिल १८४९ रोजी देब्रेत्सेनच्या मोठ्या चर्चमध्ये हॅब्सबर्ग घराणे पदच्युत झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि कोशूत राष्ट्राचा गव्हर्नर झाला. मे महिन्यात बुदाचा किल्लाही हाती आला. पण ऑस्ट्रियाच्या मदतीला रशियाच्या झारचे सुमारे दोन लाख सैन्य उतरले आणि सारे चित्र पालटले. सरकार पेश्तहून सेगेदला, तेथून अरादला सरकत गेले, छापखानाही मागोमाग. ११ ऑगस्टला कोशूतने सत्ता सेनापती ग्योर्गेईच्या हाती सोपविली आणि दोनच दिवसांनी विलागोशजवळ सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. कोशूत तुर्की हद्दीत गेला. तेथून लिहिलेल्या पत्रात त्याने पराभवाचे सारे खापर ग्योर्गेईवर फोडले. त्या आरोपाचा डाग घेऊन ग्योर्गेई १९१६ पर्यंत जगला. हा अन्याय होता, असेच आजचे बहुतेक इतिहासकार मानतात.

६ ऑक्टोबर १८४९ रोजी अरादला तेरा सेनानींना आणि पेश्तला बाथ्यानीला मृत्युदंड देण्यात आला. सेनापती हायनाऊने नोटांनाही शिक्षा फर्मावली. सर्वांनी कोशूतच्या नोटा आणून द्याव्यात; त्यांबद्दल काही मिळणार नाही; न देणाऱ्यास दंड होईल. गोळा झालेल्या नोटांची चौकात होळी करण्यात आली. पुष्कळांनी नोटा दिल्या. पण पुष्कळांनी त्या मडक्यात घालून पुरल्या, तुळयांच्या सांध्यात खुपसल्या, भिंतीत लिंपून टाकल्या. कोशूत परत येईल आणि आपली सही ओळखून पैसे देईल, असे ते म्हणत. माणसे म्हातारी झाली, मेली, आणि नोटा भिंतीतच राहिल्या. पुढे घरे पाडताना त्या निघत गेल्या. आज त्या स्वस्त मिळतात त्याचे कारण हे आहे. राखेतून जे उरले ते लोकांच्या भरवशाने उरले.

इकडे कोशूत दोन वर्षे तुर्कस्तानात नजरकैदेत राहून १८५१ च्या शरदात इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेला. तुरुंगात शिकलेल्या इंग्रजीने त्याने हजारोंच्या सभा जिंकल्या. नव्या लढ्यासाठी निधी हवा म्हणून अमेरिकेत १ पासून १०० डॉलरपर्यंतच्या नोटा विकण्यात आल्या. स्वतंत्र हंगेरीचे सरकार स्थापन झाल्यावर त्या फेडण्यात येतील असे त्यांवर वचन होते. फिलाडेल्फियात १, २ आणि ५ फोरिंटांच्या नोटाही छापल्या गेल्या. टाळ्या खूप मिळाल्या, पैसे बेताचे मिळाले आणि सरकारची मदत मुळीच मिळाली नाही.

शेवटचा प्रयत्न लंडनमध्ये झाला. इटलीतील घडामोडींनी हंगेरीत पुन्हा उठाव होईल अशी आशा वाटू लागली होती, आणि उठावाच्या दिवशी पैसा तयार हवा हे कोशूत १८४८ मध्ये शिकला होता. डे आणि पुत्र या मुद्रकांकडे त्याने कोट्यवधी फोरिंटांच्या नोटा छापवून घेतल्या. त्याची बातमी व्हिएन्नाला लागली. १८६१ मध्ये सम्राट फ्रान्सिस जोसेफने स्वतःच्या नावाने लंडनच्या न्यायालयात फिर्याद केली. एक सम्राट आणि एक निर्वासित परक्या देशाच्या कोर्टात समोरासमोर आले! हंगेरीच्या रीतीने मुकुट न घेतलेला सम्राट हंगेरीचा कायदेशीर राजाच नव्हे, अशी बचावाची बाजू होती. न्यायालयाने राजकारणाचा निवाडा करण्याचे टाळले. अशा नोटांचा पूर लोटला तर फिर्यादीच्या प्रजेच्या मालमत्तेचे नुकसान होईल, एवढ्या आधारावर छपाईला मनाई झाली. अपिलातही निकाल कायम राहिला आणि नोटा नष्ट करण्यात आल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. या नोटांतील ज्या थोड्या वाचल्या त्या संग्राहकांच्या दृष्टीने खऱ्या दुर्मिळ. त्या कधी कोणाच्या हाती पडल्याच नाहीत. मग त्या लपवून ठेवणार कोण?

१८६७ मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांचा समझोता झाला. कोशूतने तो मान्य केला नाही. ऑस्ट्रियाच्या नशिबाला बांधून घेतलेली हंगेरी एक दिवस त्याच्याबरोबर बुडेल, असा इशारा त्याने आपला जुना सहकारी देआक याला जाहीर पत्रातून दिला. समझोत्यानंतर आलेल्या हंगेरियन सरकारनेही त्या जुन्या नोटा फेडल्या नाहीत. कोशूत इटलीत तूरिनला राहिला. आठवणींचे खंड लिहून गुजराण करी, डोंगरांतून फिरून वनस्पती जमवी, शिंपले गोळा करी. ज्याच्या सहीचे कागद लोकांनी जमवून ठेवले तो स्वतः वाळलेल्या पानाफुलांचा संग्राहक झाला होता. १८७९ च्या कायद्यामुळे दहा वर्षे परदेशात राहिलेल्याचे नागरिकत्व जाऊ लागले आणि त्या कलमाखाली पुढे कोशूतचेही गेले. १८९० मध्ये अरादच्या हुतात्म्यांच्या स्मारकासाठी त्याचे भाषण फोनोग्राफवर घेण्यात आले. खरखरीतून येणारा त्याचा आवाज आजही ऐकता येतो. २० मार्च १८९४ रोजी तो वारला. सरकारने दुखवटा पाळला नाही. पण बुदापेश्तमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी साऱ्या युरोपने पाहिली.

कोशूतने गरिबांना फसविले का, हा प्रश्न टाळून त्याचे चरित्र पुरे करता येत नाही. हिशेबाच्या वहीत उत्तर स्पष्ट आहे. धान्य गेले, घोडे गेले, हातात कागद राहिला, आणि तो कागद कोणीही वटविला नाही. हे नुकसान खरे होते, आणि ते सोसणाऱ्यांत मोठे लोक थोडे, लहान लोक फार होते. दुसऱ्या पानावर मात्र दुसरी नोंद आहे. वेठ एकदा गेली ती परत आली नाही. विजेत्या सम्राटालाही कुळांची मुक्ती कायम ठेवावी लागली. नोटा बुडाल्या, पण ज्यासाठी लोकांनी त्या घेतल्या होत्या त्यातला एक मोठा हप्ता वसूल झाला होता.

१९४७ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हंगेरीच्या १०० फोरिंटांच्या नोटेवर कोशूतचे चित्र होते. ती नोट कोणत्याही दुकानात चाले. संग्राहक आज ही नोट आणि १८४८ ची नोट एकाच वहीत शेजारी शेजारी लावतात. पहिलीवर फक्त सही आहे, दुसरीवर चेहरा आहे. चेहऱ्याची नोट सरकारच्या हुकमाने चालली. सहीची नोट सरकार बुडाल्यावरही माणसांनी भिंतीत जपून ठेवली.